डाव्या कानातलं व्हायोलिन

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी लॅब. गर्दी बेताची. एका पेशंटचा नमुना गोठला, परत बोलवावं लागलं, तो चिडला. संध्याकाळी बाईंकडे जाऊन आले. कुकर लावला, जेवले.

ही डायरी लॅबला औषध कंपनीकडून आली. आमच्या रिपोर्टवालीनं ती माझ्या टेबलावर टाकली. म्हणाली, "घे, नाहीतर मी किराणा लिहीन त्यात." मला लिहायची सवय नाही. पण आज एक काम अंगावर घेतलंय. काय केलं आणि त्याचं काय झालं हे लिहून ठेवलं तर तीच चूक दोनदा होणार नाही. लॅबमध्ये आम्ही तेच करतो.

काम असं. पोस्टाच्या वरच्या हॉलमध्ये बाईंचा लहान मुलांचा नृत्यवर्ग आहे. तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी ताई आणि मी व्हायोलिन वाजवायचो. सहा चाली. सगळ्या ताईनं बसवलेल्या, कागदावर एकही नाही. सप्टेंबरात ताई गेली. त्यानंतर मी वर्गाला गेले नाही आणि मुलं बाईंच्या टाळ्यांवर नाचतायत. मार्चमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे. बाईंनी विचारलं, "एकट्या येऊन वाजवाल का?"

मी नको म्हटलं. तिथं खिडकीजवळ दोन खुर्च्या असतात. एकीवर बसलं की दुसरी दिसते. हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, घरी ध्वनिमुद्रण करून देते, तुम्ही स्पीकरवर लावा.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवं. नाहीतर मला विकतचं संगीत लावावं लागेल. आणि एकदा मुलांच्या पायात दुसरं काही बसलं, की ह्या चाली गेल्या म्हणून समजा. मला तसं नकोय हो, पण माझाही इलाज नाही."

मलाही नकोय. त्या चाली दुसरीकडे कुठंच नाहीत.

बुधवार, १४ जानेवारी

कॉम्प्युटर भावोजींकडे. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. कुठल्याही यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, गॅरंटीच्या अटींसकट. मी पोचले तर त्यांनी तीन सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवली होती.

"धाकटे, सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं असतं. नुसत्या फोटोवर जायचं नाही."

"तुम्ही ताईचा फोटोच बघून होकार दिला होतात."

"म्हणूनच सांगतोय ना! माझं नशीब, निभावलं. दरवेळी तसं होत नाही."

तिन्हींची खरी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून माझी नावं ठेवली. पहिलं मोफतवालं. पडद्यावर इतकी बटणं की विमान चालवायचंय असं वाटावं. दुसरं निळं. दिसायला सुरेख, पण त्यात ढोल, पियानो, पाऊस, पक्षी असं सगळं आधीच भरलेलं आहे. व्हायोलिनही आहे. ते वाजवून बघितलं. सर्दी झालेल्या माणसासारखं होतं. तिसरं महिनेवारीचं. ते उघडल्यावर नाव, जन्मतारीख, मोबाईल, आवडीनिवडी सगळं विचारतं. एवढं आम्ही पेशंटलाही विचारत नाही.

निळं घेऊन सुरुवात करायचं ठरलं. नवीन काम उघडलं की त्यात दोन आडव्या पट्ट्या येतात, दोघांचं वाजवणं वेगवेगळं नोंदवायला. दुसरी मी पुसून टाकली. एकच पुरे.

रविवार, १८ जानेवारी

पहिलं ध्वनिमुद्रण. टाचांच्या चालीपासून सुरुवात केली. (मुलं जे करतात त्यावरून चालींची नावं. टाचांची, गिरकीची, उडीची, रांगेची, हातांची, निरोपाची.)

निकाल: पंखा ऐकू येतो. पाण्याचा पंप ऐकू येतो. भावोजी दारात उभं राहून श्वास घेतात तो ऐकू येतो. व्हायोलिन बिस्किटाच्या डब्यात बसून वाजवल्यासारखं.

मग हेडफोन लावून वाजवलं. एक गंमत झाली. मी वाजवलेलं कानात जरा उशिरा येत होतं. फार नाही, पापणी लवेल इतकंच. जणू शेजारी बसून कुणीतरी माझ्या मागोमाग वाजवतंय. तीन चाली न चुकता वाजवल्या, हात इतका मोकळा बऱ्याच दिवसांत नव्हता.

भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "हा दोष आहे. थांब." अर्धा तास वाचून त्यांनी सेटिंगमध्ये एक आकडा कमी केला. उशीर गेला. "आता कसं, बरोब्बर!"

हो म्हटलं. पुढच्या तीन चालींत हात जड झाला होता. थंडी असेल.

बाबांनी आम्हाला शिकवलं तेव्हाच वाटून दिलं होतं. ताई चाल धरणार, मी तिच्या खालून चालणार. ताईला त्यामुळे सवय होती, ती वर्गाआधी बराच वेळ बोटं फिरवून घ्यायची. मला कधी गरज पडली नाही. आता ती सवय लावून घ्यायला हवी.

मंगळवार, २० जानेवारी

वाद्यांच्या दुकानातून माइक आणला. दुकानदार तरुण, केसांची शेंडी बांधलेला, प्रत्येक वाक्यात मॅडम.

"बोलायला हवाय का गायला, मॅडम?"

"व्हायोलिन आहे."

"सोलो?"

एकच वाजवणार आहे, असं मी सांगितलं.

त्यानं एक दिला आणि वर म्हणाला, "पण मॅडम, माइकनं पन्नास टक्के होतं. उरलेलं खोलीवर. खोली वाईट तर सगळं वाईट." हे मला पटलं. रक्त घेताना नळी चांगली असून भागत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

माइकची जागा शोधण्यात दिवस गेला. जवळ ठेवला तर गजाची खरखर आणि माझे उसासे. मी उसासे टाकते हे मला माहीत नव्हतं. लांब ठेवला तर खोलीच जास्त. शेवटी डोक्याच्या जरा वर, हातभर अंतरावर, व्हायोलिनकडे तोंड करून. आवाजाची पातळी लाल दिवा लागणार नाही इतकी खाली. लाल लागला की आवाज फाटतो, आणि फाटलेला परत शिवता येत नाही. हे लक्षात ठेवणे.

खोलीचं काय? भिंतींवर आवाज आपटतो. भावोजींनी वाचलं होतं की कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असलं की खोली शांत होते. त्यांनी आतल्या खोलीतलं ताईचं कपाट सताड उघडलं. सगळं जिथल्या तिथं होतं, हिवाळ्याचे कोटसुद्धा.

"बघ," ते म्हणाले. "सगळे मागे लागले होते, कपडे देऊन टाका, देऊन टाका. दिले असते तर आज काय केलं असतं? गाद्या टांगल्या असत्या?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कपाटाकडे पाठ करून वाजवलं. आवाज खरंच सुधारला. भिंतीवरून परत येणारा सगळा मागच्या मागे मुरला.

बुधवार, २८ जानेवारी

सॉफ्टवेअरमध्ये टिकटिक लावायची सोय आहे, ठोका चुकू नये म्हणून. लावली. तिच्याशी माझं मुळीच जमेना. उडीच्या चालीत तिसऱ्या ओळीला ती दरवेळी पुढे निघून जाते. टिकटिक कुणासाठी थांबत नाही. ताईबरोबर मला असा त्रास कधी झाला नाही.

टिकटिक बंद केली. भावोजी म्हणाले, निळ्याची टिकटिकच बिघडलेली असणार. उद्यापासून महिनेवारीचं.

रविवार, १ फेब्रुवारी

महिनेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहाही चाली नोंदवून झाल्या. भावोजींना हेडफोन दिले. ऐकता ऐकता त्यांनी हेडफोन काढले, तार हलवली, परत लावले. मग जॅक पुसला. मग शेजारच्या मुलीचे हेडफोन मागून आणले. मग माझ्याकडे बघितलं.

"उजवा कान बंद आहे. माझा नाही, हेडफोनचा. दोन्ही हेडफोनचा. म्हणजे कार्डच गेलं बहुतेक."

मी बघितलं. पट्टीच्या डोक्याशी डावं-उजवं करायचं गोल बटण असतं, ते मी पूर्ण डावीकडे फिरवून ठेवलं होतं.

"हे असं का केलंस?"

"मी डावीकडेच बसते."

भावोजींनी त्या बटणाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. बसतेस." आणि बटण त्यांनी मध्यावर आणून ठेवलं. चहा टाकायला गेले, आणि चहा नेहमीपेक्षा उशिरा आला.

सोमवार, २ फेब्रुवारी

रिपोर्टवालीला डब्याच्या वेळी मोबाईलवर ऐकवलं. ती ताईला ओळखत नव्हती, वर्गालाही कधी आलेली नाही, म्हणून तिचं मत निःपक्षपाती.

"छान आहे गं. आवाज किती स्वच्छ! झोप लागेल ऐकून."

"झोप लागायला नकोय. मुलं नाचणार आहेत."

तिनं परत ऐकलं. "मग काहीतरी कमी आहे. काय ते मला नाही सांगता येणार. आमटीत मीठ नसलं की कसं, दिसायला आमटीच असते."

काय कमी आहे ते शोधायला हवं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कमी काय आहे त्याच्या शोधात. महिनेवारीच्यात घुमारा घालायची सोय आहे आणि घुमाऱ्याची जागा निवडता येते: मोठं सभागृह, लहान खोली, जिना, बोगदा, पाण्याची टाकी. टाकीत व्हायोलिन कोण वाजवतं कुणास ठाऊक. सभागृह लावलं. आता मीठ नसलेली आमटी मोठ्या पातेल्यात होती.

मग आवाज दाबून सारखा करायचं यंत्र. मग खालचे सूर कमी, वरचे जास्त. वरचे जास्त केल्यावर नुसती गजाची सळसळ वाढली. वर काही नाहीच, वाढणार काय?

भावोजी म्हणाले, "मला वाटतं सॉफ्टवेअरच बदलू या."

"आता तिसरं?"

"लिफ्ट अडकली की आधी मोटर बघतात, मग दोर, मग दार. माणूस आत आहे का, हे सगळ्यात शेवटी."

मी म्हटलं, "आधी बघायला नको का?"

"हवं," ते म्हणाले. "पण बघवत नाही ना."

त्यांच्या नोकरीत काय काय झालं असेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

मोफतवाल्यात सगळ्या सहा चाली परत नोंदवल्या. आता माझा हात सराईत झालाय. आत जायला, बटण दाबायला, वाजवायला काही वाटत नाही. आवाज स्वच्छ, लाल दिवा नाही, पंप नाही, उसासा एकच.

भावोजींशी थोडं वाजलं. त्यांनी सगळ्या चालींच्या सुरुवातीची रिकामी जागा कापून टाकली होती.

"कापू नका."

"अगं, तिथं काही नाहीये. सात-आठ सेकंद नुसती शांतता आहे. मुलं ताटकळतील."

"ताटकळत नाहीत. तेवढ्यात ती हात वर नेतात, पाय पुढे घेतात. मग मी येते."

"त्या वेळात काय वाजत असतं, धाकटे?"

"तेच ते. सुरुवात."

त्यांनी कापलेलं सगळं एकेक करून परत जोडून दिलं. मला वाईट वाटलं, एवढ्या तेवढ्यावरून आवाज चढवायला नको होता. परवा वर्गात चाचणी आहे. बाईंना कळवलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लॅब अर्धा दिवस. वर्गात चाचणी झाली. जमलं नाही. घरी आले.

बुधवार, ११ फेब्रुवारी

काल नीट लिहवलं नाही. आज लिहिते, कारण असं लिहून ठेवायचं म्हणूनच ही डायरी आहे.

हॉलमध्ये गेले तेव्हा मुलं धावत आली. छोटी मावशी, छोटी मावशी. (ताई मोठी मावशी होती.) दोन तीन मुलं उंच झालीयत. बाईंनी त्यांना जागेवर उभं केलं, मी स्पीकर लावला. उडीची चाल लावली, कारण मुलांना तीच सगळ्यात आवडते.

सुरुवातीची शांतता गेली. मुलं उभी. मग माझं व्हायोलिन सुरू झालं, स्पीकरमधून स्वच्छ, मोकळं. मुलं उभीच. सगळी स्पीकरकडे बघतायत. बाईंनी टाळी वाजवली, "चला, चला, हात वर!" कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतली एक, तिचे पुढचे दोन दात पडलेत, तिनं हात वर केला.

"मावशी, चाल कुठंय?"

"ही काय, वाजतेय ना."

"ही नाही. ही खालची. वरची कुठंय?"

स्पीकरमधून वाजतच होतं. मग त्या दातपडकीनंच सुरू केलं, नुसतं ला ला करून, थोडं बेसूर. दुसऱ्या ओळीपासून तिच्या शेजारची. मग सगळी. ताईची चाल. अख्खी, एकही जागा न चुकता. आणि ती सुरू झाली तसे त्यांचे पाय आपोआप निघाले. मुलं गात होती आणि नाचत होती, आणि मी खालून चालत होते.

चाल संपली. मुलांना धाप लागली होती. गाऊन नाचणं सोपं नाही.

तेव्हा मला ऐकू आलं. म्हणजे काय नाही ते ऐकू आलं. एवढे दिवस मी वाजवत होते तेव्हा माझ्या डोक्यात चाल होतीच, मग ती माइकमध्येही गेली असणार, असं मी धरून चालले होते. दुसरा काही खुलासा नाही. एवढ्या वर्षांची लॅबवाली, आणि नमुना न घेता नळी पुढे पाठवली.

बाई माझ्याजवळ आल्या. चांगल्या आहेत. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. मी पुढच्या आठवड्यापासून विकतचं लावते. तुम्ही खूप केलंत."

"मंगळवारी आणून देते," मी म्हटलं. "चालीसकट."

"वाजवाल?"

"बघते."

मी ती चाल आयुष्यात एकदाही वाजवलेली नाही. सहांपैकी एकही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भावोजींकडे. दारातच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय ते?"

"भावोजी."

ते खुर्चीत बसले. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? मी टाकीत जाऊन आले, बोगद्यात जाऊन आले!"

"टाकी चांगली होती," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "तू खालचं वाजवलंस की वरचं मला आपोआप ऐकू येतं, धाकटे. तीस वर्षं भिंतीपलीकडून दोन्ही ऐकलंय. तू वाजवत होतीस तेवढा वेळ घरात दोघी होत्या. मी कशाला सांगायला जाऊ?"

चहा मी केला.

त्यांनी ताईचं व्हायोलिन पुढे केलं. मी माझंच घेतलं. काम नवीन असताना वाद्य तरी ओळखीचं असू दे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दोन पट्ट्या ठेवल्या. पहिलीत माझं आधीचं, तसंच. दुसरी रिकामी. हेडफोनमध्ये पहिली ऐकत दुसरीत चाल वाजवायची.

चाल मला पाठ आहे, बोटांना नाही. गिरकीच्या चालीत वरच्या जागी बोट जातच नव्हतं. सोपी वाटणारी जागा सगळ्यात अवघड निघाली. ताई तिथं हसायची, मला वाटायचं मुलांना बघून हसते. आता वाटतं, सुटले म्हणून हसत असावी.

टाचांची, रांगेची, हातांची झाली. निरोपाचीही झाली, थोडी पातळ आहे. गिरकीची पाचव्या प्रयत्नात. उडीची नाही झाली.

रविवार, १५ फेब्रुवारी

उडीची. तिसऱ्या ओळीला दरवेळी चाल पुढे जाते आणि खालचं मागे राहतं. मला वाटलं माझी आजची चूक. दहा वेळा केलं. मग नुसती पहिली पट्टी ऐकली.

चूक आजची नाही. खालचंच तिथं अडखळतं. जाड तारेवर उतरताना मला जरा वेळ लागतो, अगदी जरासा. नेहमीच लागत असणार. ह्या चालीवर एकच उपाय आहे: वरच्यानं तिथं थांबायचं. सूर धरून ठेवायचा, खालचं येईपर्यंत, आणि मग दोघांनी मिळून पुढं जायचं.

थांबून बघितलं. बसलं. ताई वाजवायची तसंच झालं. मला आजवर वाटत होतं ती चालच तशी आहे.

भावोजींना सांगितलं. त्यांना आनंद झाला, दोष सापडला की त्यांना होतो. "अगं, ह्याला बटण आहे! एक दाबलं की सगळे सूर ठोक्यावर सरळ बसतात. खालचंही सरळ, वरचंही."

दाबून बघितलं. खरंच सरळ झालं. कुठंच थांबा नाही. मी डोळे मिटून मुलं बघितली. तिसऱ्या ओळीला ती उडी मारतात, हात वर ताणून, आणि वर जरा जास्त वेळ राहतात. बाईंनी ती उडी तिथं बसवलीय कारण तिथं तेवढी जागा आहे. सरळ केलेल्या चालीवर मुलं हवेत असतानाच पुढची ओळ सुरू होणार होती. धडाधड पडली असती.

"परत फिरवा," मी म्हटलं.

"म्हणजे चूक ठेवायची?"

"मुलं वर आहेत, भावोजी."

त्यांनी परत फिरवलं.

मग मी थांबून वाजवलं, आणि नोंदवलं. माझी पट्टी डावीकडे ठेवली, चालीची उजवीकडे. त्यांना हेडफोन दिले. ते ऐकत बसले. संपल्यावर उजव्या कानावरचा भाग जरा उचलला, परत ठेवला, आणि म्हणाले, "परत लाव." तीनदा लावली. तिसऱ्यांदा म्हणाले, "तिच्यासारखं नाहीये."

"नाहीये," मी म्हटलं.

"बरं आहे. तिच्यासारखं असतं तर मला जमलं नसतं."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पेनड्राइव्ह दिला. उडीची चाल लावली. सुरुवात झाल्याबरोबर मुलांचे हात वर गेले, कुणी टाळी वाजवायच्या आधी. तिसऱ्या ओळीला सगळी वर गेली, थांबली, आणि चालीबरोबर खाली आली. एकच पडला, पण तो नेहमी पडतो.

दातपडकी धावत आली. "मावशी, मोठ्या मावशीची चाल तू वाजवलीस?"

"हो."

"गिरकीत चुकलीस थोडी."

"हो."

"आम्ही सांभाळून घेऊ," असं म्हणून ती पाणी प्यायला गेली.

बाई खूश होत्या. सहाही चाली झाल्या. जाताना म्हणाल्या, "आता तुम्हाला दर मंगळवारी-शुक्रवारी धावपळ नको. सगळं ह्यात आलं." मग जरा थांबून, "पुढच्या महिन्यात अगदी लहान गट सुरू करतेय. त्यांना नुसतं गोल चालायचंय. त्यासाठी काहीतरी साधं लागेल. पण ते तुमच्याकडे नसणार."

"नाही," मी म्हटलं. "चाली मी करत नाही. ताई करायची."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भावोजींनी महिनेवारीचं बंद केलं. बंद करायलाही त्यानं बारा प्रश्न विचारले. मोफतवालं ठेवलंय. शेवटी सगळी एकच काम करतात, बटणं तेवढी वेगवेगळ्या ठिकाणी. त्यांनी विचारलं, आतल्या खोलीतला माइक काढू का? मी म्हटलं, राहू दे, परत लावायचा त्रास.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

लॅब. आज नमुने भरपूर होते, पाय दुखतायत. रिपोर्टवालीला सहाही चाली ऐकवल्या, ती म्हणाली आता मीठ आहे, आणि पाय टेबलाखाली हलवत बसली.

वर्गाची वेळ झाली तेव्हा घरी होते. जायची गरज नाही. ह्या वेळी घरात ऊन कुठपर्यंत येतं ते बघितलं नव्हतं, टेबलाच्या कडेपर्यंत येतं. चार पावलं चालले, वळले, चार पावलं. लहान मुलांची पावलं ह्याच्या निम्मी असतील. निम्मी टाकून बघितली. अशा पावलांना चाल फार हळू नको, फार भरभरही नको.

कुकर लावला. तो होईपर्यंत गॅलरीत बसून नखं कापली. डाव्या हाताची तारेला लागायला लागली होती. ती सगळी कापून होईतो शिट्टी झाली, मग उजव्या हाताची तशीच राहिली.